बँकेत अठरा लाख, हाती दहा हजार : छोट्या सेवाभावी संस्थेचा ताळेबंद कसा वाचावा

गोव्यात गावोगावची वाचनालये, बालवाड्या, वृद्धाश्रम, नाट्यमंडळे, विद्यार्थी साहाय्यक निधी अशा कितीतरी संस्था समाजाच्या देणग्यांवर आणि सरकारी अनुदानावर चालतात. अशा संस्थेची आर्थिक प्रकृती कशी आहे, हा प्रश्न देणगीदाराला पडतो, सभासदाला पडतो, नव्याने पद स्वीकारलेल्या खजिनदाराला पडतो आणि तेथे तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्या कर्मचाऱ्यालाही पडतो. त्याचे उत्तर सहसा ‘बँकेत किती शिल्लक आहे’ या एका आकड्यात शोधले जाते. परंतु बँकेतील शिल्लक आणि संस्थेला स्वतःच्या इच्छेने खर्च करता येणारी रक्कम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या दोहोंतील अंतर वेळीच ध्यानात आले नाही, तर इमारतीसाठी दिलेल्या देणग्या पगारात संपतात आणि एके दिवशी संस्था कोणाला न कळता बंद पडते. हे अंतर मोजण्यासाठी हिशेबशास्त्राच्या पदवीची गरज नसते. बेरीज-वजाबाकी आणि थोडी चिकाटी पुरते.

कोणती संस्था, कोणता कायदा

बहुसंख्य छोट्या संस्था 1860 च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली नोंदलेल्या असतात. काही सार्वजनिक न्यास असून त्यांचा कारभार विश्वस्तपत्रानुसार चालतो. थोड्या संस्था 2013 च्या कंपनी कायद्यातील कलम 8 खालच्या ना-नफा कंपन्या असतात. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 आणि त्याखालचे धर्मादाय आयुक्त यांची देखरेख असते. तो कायदा गोव्यात लागू नाही. त्यामुळे येथे सभासदांनी आणि देणगीदारांनी स्वतः हिशेब पाहण्याला अधिक महत्त्व येते. देवस्थानांचा कारभार 1933 च्या देवस्थान नियमनाखाली स्वतंत्रपणे चालतो. त्यांचा विचार येथे केलेला नाही.

1860 च्या कायद्यातील दोन तरतुदी सामान्य नागरिकाने लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. कलम 4 नुसार संस्थेने व्यवस्थापक मंडळाची यादी दरवर्षी निबंधकाकडे दाखल करावयाची असते. कलम 19 नुसार निबंधकाकडे दाखल झालेली कागदपत्रे शुल्क भरून कोणालाही पाहता येतात आणि त्यांची प्रमाणित प्रत मागता येते. ही यादी वर्षानुवर्षे दाखल झालेली नसेल, तर संस्थेचे हिशेबही वेळेवर होत नसावेत, अशी शंका घेण्यास जागा आहे.

तीन पत्रके

संस्थेच्या वार्षिक अहवालात साधारणपणे तीन पत्रके असतात. पहिले जमा-खर्च पत्रक. वर्षभरात रोख व बँकेतून प्रत्यक्ष किती पैसे आले आणि गेले, एवढेच ते सांगते. दुसरे उत्पन्न-खर्च पत्रक. त्या वर्षाचे उत्पन्न आणि त्या वर्षाचा खर्च यांचा मेळ घालून ते आधिक्य किंवा तूट दाखवते. मिळावयाचे असलेले अनुदान, द्यावयाची बिले आणि घसारा हे सारे त्यात येते. तिसरा ताळेबंद. 31 मार्च रोजी संस्थेची मालमत्ता किती होती आणि त्या मालमत्तेवर कोणाचा हक्क होता, हे त्यातून कळते.

सभेत बहुधा पहिल्या पत्रकाचे वाचन होते, कारण ते समजण्यास सोपे असते. प्रकृतीचे खरे निदान मात्र तिसऱ्यात असते. ताळेबंद वाचताना मागील तीन वर्षांचे आकडे शेजारी मांडावेत. एका वर्षाचा आकडा अपघाताने चांगला किंवा वाईट असू शकतो. तीन वर्षांत दिशा दिसते.

एक नमुना

पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. वाचनालय आणि मुलांचे संस्कारवर्ग चालविणारी, तीन पगारी कर्मचारी असलेली एक संस्था कल्पावी. तिचे वर्षाचे उत्पन्न असे :

सरकारी अनुदान – 4,20,000 रुपये
एका आश्रयदात्याची देणगी – 2,40,000 रुपये
वर्गणी व किरकोळ देणग्या – 1,50,000 रुपये
मुदत ठेवींवरील व्याज – 1,05,000 रुपये
सभागृहाचे भाडे – 60,000 रुपये
एकूण – 9,75,000 रुपये

खर्चाच्या बाजूला पगार, वीज, दुरुस्ती, पुस्तके आणि उपक्रम मिळून 9,60,000 रुपये, म्हणजे महिन्याला 80,000 रुपये. शिवाय इमारत व फर्निचर यांचा घसारा 60,000 रुपये. एकूण खर्च 10,20,000 रुपये आणि तूट 45,000 रुपये.

ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला :

इमारत व फर्निचर – 12,00,000 रुपये
मुदत ठेवी – 15,00,000 रुपये
बँक व रोख – 3,00,000 रुपये
येणे असलेले अनुदान – 2,10,000 रुपये
दिलेल्या उचली – 40,000 रुपये
एकूण – 32,50,000 रुपये

आणि निधी व देणी यांच्या बाजूला :

मूळ निधी – 10,00,000 रुपये
इमारत निधी – 6,00,000 रुपये
शिष्यवृत्तीसाठी मिळालेली, न वाटलेली रक्कम – 1,00,000 रुपये
द्यावयाची बिले व थकलेला पगार – 90,000 रुपये
सर्वसाधारण निधी – 14,60,000 रुपये
एकूण – 32,50,000 रुपये

सभेत अध्यक्ष सांगतील की संस्थेकडे बँकेत 18 लाख रुपये आहेत, सर्वसाधारण निधी साडेचौदा लाखांचा आहे आणि तूट अगदी किरकोळ आहे. यातले एकही विधान खोटे नाही. तरीही ही संस्था संकटाच्या उंबरठ्यावर आहे.

मोकळा निधी किती?

प्रथम 18 लाखांतून इतरांचा हक्क असलेली रक्कम वजा करावी. मूळ निधीचे 10 लाख देणगीदारांनी ‘ही रक्कम कायम ठेवावी, व्याज वापरावे’ या अटीवर दिलेले आहेत. 6 लाख इमारतीसाठीच आहेत. 1 लाख विद्यार्थ्यांचे आहेत. 90 हजार बिले आणि पगार यांपोटी देणे आहे. या चार रकमांची बेरीज 17,90,000 होते. उरतात 10,000 रुपये. महिन्याचा खर्च 80,000 असताना ही रक्कम चार दिवसही पुरणार नाही.

हीच गोष्ट दुसऱ्या बाजूनेही तपासता येते. सर्वसाधारण निधी 14,60,000 रुपयांचा दिसतो. त्यातील 12 लाख रुपये इमारत व फर्निचर यांत अडकलेले आहेत आणि विटा विकून पगार देता येत नाही. राहिलेल्या 2,60,000 पैकी 2,10,000 रुपये अद्याप सरकारकडून यावयाचे आहेत, 40,000 रुपये उचलीच्या रूपाने लोकांकडे आहेत. बाकी पुन्हा 10,000 रुपयेच. दोन्ही वाटांनी एकच उत्तर आले, तर हिशेब बरोबर समजला असे मानावे.

सर्वसाधारण निधीतून स्थावर व इतर स्थिर मालमत्ता वजा केल्यावर जे उरते, त्याला मोकळा निधी म्हणता येईल. त्याला महिन्याच्या खर्चाने भागले की संस्था नव्या उत्पन्नावाचून किती महिने चालेल, हे कळते. येथे अनुदान आणि उचली पूर्णपणे वसूल झाल्या, तर 2,60,000 भागिले 80,000, म्हणजे सव्वातीन महिने. वसूल झाल्या नाहीत, तर चार दिवसही नाहीत. तीन ते सहा महिन्यांचा मोकळा निधी असावा, असा एक व्यावहारिक दंडक आहे. तो कायद्यात लिहिलेला नाही. ज्या संस्थेचे अनुदान सहा महिने उशिरा येते, तिला तीन महिन्यांची गंगाजळी पुरणार नाही. ज्या संस्थेकडे पगारी माणूस नाही आणि जागा स्वतःची आहे, ती एका महिन्यावरही निभावून नेईल. दंडक आपल्या उत्पन्नाच्या नियमिततेप्रमाणे ठरवावा.

या ताळेबंदात आणखी एक इशारा दडलेला आहे. मूळ निधी आणि इमारत निधी मिळून 16 लाख होतात, पण मुदत ठेवी 15 लाखांच्याच आहेत. याचा अर्थ राखून ठेवावयाच्या रकमेतील 1 लाख रुपये रोजच्या व्यवहाराच्या खात्यात आलेले आहेत. अनुदान येईपर्यंत पगार भागवण्यासाठी कोणीतरी एक ठेव मोडली असेल. तसे करणे नेहमीच गैर असते असे नाही. पण त्यासाठी कार्यकारी समितीचा ठराव असावा, रक्कम केव्हा परत ठेवावयाची ते त्यात लिहिलेले असावे आणि देणगीदाराची अट मोडत नसावी. ठराव नसेल, तर पुढच्या वर्षी तफावत दोन लाखांची होते आणि त्याच्या पुढच्या वर्षी इमारत निधी कागदावरच उरतो.

व्याज कोणाचे?

वरील संस्थेने ठेवींवरील सर्व 1,05,000 रुपये व्याज चालू उत्पन्नात धरले आहे. मूळ निधीचे व्याज चालू खर्चासाठीच असते. इमारत निधीचे व्याज मात्र सामान्यतः त्याच निधीत मिळवणे योग्य, नाहीतर बांधकामाचे दर वाढत जातात आणि निधी आहे तेथेच राहतो. सात टक्के दराने 6 लाखांवरील व्याज 42,000 रुपये होते. ते इमारत निधीकडे वळवले, तर तूट 45,000 वरून 87,000 रुपयांवर जाते.

तुटीकडे पाहताना घसारा वेगळा काढून पाहावा. घसाऱ्यापोटी त्या वर्षी पैसे बाहेर जात नाहीत. म्हणून मूळ हिशेबात 45,000 रुपयांची तूट दिसत असली, तरी घसाऱ्यापूर्वी 15,000 रुपयांचे आधिक्य होते. व्याजाची दुरुस्ती केल्यावर मात्र त्या आधिक्याच्या जागी 27,000 रुपयांची खरी तूट येते. ती दरवर्षी राहणार असेल, तर संस्थेला खर्च तरी कमी करावा लागेल किंवा वर्गणी तरी वाढवावी लागेल. घसारा दुर्लक्षिण्याजोगा असतो, असा मात्र याचा अर्थ नाही. छप्पर, संगणक आणि कपाटे कधीतरी बदलावीच लागतात. गोव्याच्या पावसात तर छपराचा प्रश्न फार काळ पुढे ढकलता येत नाही.

उत्पन्न कोणाच्या हाती?

अनुदान आणि एका आश्रयदात्याची देणगी मिळून 6,60,000 रुपये होतात. एकूण उत्पन्नाच्या दोन-तृतीयांशाहून ते थोडे अधिक आहेत. दोन निर्णय विरोधात गेले की संस्था थांबली, असा याचा अर्थ. आश्रयदात्याने हात आखडता घेतला, तर 2,40,000 रुपये जातात. हा पूर्ण तीन महिन्यांचा खर्च आहे.

गोव्याला याचा अनुभव नवा नाही. 2012 साली आणि पुन्हा 2018 साली खाणकाम थांबले, तेव्हा त्या व्यवसायाभोवतीचे सारे अर्थकारण एकदम आकसले. एकाच उद्योगावर किंवा एकाच घराण्यावर भिस्त ठेवणाऱ्या संस्थेची मिळकत तिच्या कोणत्याही दोषाविना अशी एका दिवसात तुटू शकते. याउलट दरसाल पाचशे रुपये देणारे तीनशे वर्गणीदार ही खरी मालमत्ता असते, जरी ताळेबंदात ती कोठेच दिसत नाही. त्यांची संख्या वाढते आहे की घटते आहे, हा आकडा अहवालात अवश्य मागावा.

85 टक्क्यांविषयीचा गैरसमज

‘आयकर कायद्यामुळे सगळे पैसे त्याच वर्षी खर्च करावे लागतात, राखीव निधी ठेवता येत नाही,’ असे अनेक पदाधिकारी मानतात. हे अर्धसत्य आहे. करसवलतीसाठी उत्पन्नाच्या 85 टक्के रक्कम संस्थेच्या उद्दिष्टांसाठी वापरणे अपेक्षित आहे. उरलेले 15 टक्के कोणत्याही अटीवाचून शिल्लक ठेवता येतात. आपल्या नमुन्यातील संस्थेला असे 1,46,250 रुपये वर्षाला राखता आले असते. त्याहून अधिक रक्कम ठरावीक हेतूसाठी साठवावयाची असल्यास हेतू नमूद करून, विहित मुदतीत अर्ज भरून, पाच वर्षांपर्यंत साठवता येते. लेखी निर्देशासह मूळ निधीत दिलेली देणगी नियमांप्रमाणे स्वतंत्र गुंतवली, तर ती या हिशेबात धरली जात नाही. गंगाजळी नसण्याचे कारण म्हणून कायदा पुढे केला जात असेल, तर सभासदांनी ते मान्य करू नये.

करसवलतीची नोंदणीही आता कायमची राहिलेली नाही. 2021 पासून ती सर्वसाधारणपणे पाच वर्षांच्या मुदतीची झाली. 2025 च्या वित्त अधिनियमाने 5 कोटी रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या छोट्या संस्थांसाठी नूतनीकरणाची मुदत दहा वर्षे केली. आयकर अधिनियम, 2025 हा 1 एप्रिल 2026 पासून 1961 च्या कायद्याची जागा घेणारा असल्याने कलमांचे क्रमांकही बदलले आहेत. नूतनीकरण चुकले, तर वाचलेला कर भरण्याची पाळी येऊ शकते. म्हणून नोंदणीची मुदत कोणत्या तारखेला संपते, हा प्रश्नही आर्थिक प्रकृतीचाच भाग आहे. देणगीदाराला सवलत हवी असल्यास 2,000 रुपयांवरील रोख देणगीवर ती मिळत नाही, आणि संस्थेने देणग्यांचे विवरण भरून प्रमाणपत्र दिलेले असावे लागते.

न दिसणारी देणी

काही देणी छोट्या संस्थेच्या ताळेबंदात येतच नाहीत. त्यांत उपदान पहिले. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाच वर्षे सलग सेवा केलेल्या कर्मचाऱ्याला प्रत्येक वर्षापोटी पंधरा दिवसांच्या वेतनाच्या हिशेबाने उपदान देणे बंधनकारक आहे. वीस वर्षे शिकवलेली बालवाडीची शिक्षिका निवृत्त होते, तेव्हा ही रक्कम एकदम उभी राहते. कर्मचारी दहांपेक्षा कमी असले, तरी नैतिक जबाबदारी उरतेच. थकलेला भविष्यनिर्वाह निधी, न भरलेला घरफाळा, चालू असलेला जागेचा वाद आणि पदाधिकाऱ्याने स्वतःच्या खिशातून घातलेली, पण कोठेही न लिहिलेली रक्कम, यांचीही चौकशी करावी.

एका माणसाच्या विनामूल्य श्रमांवर चालणारे काम हेही एक प्रकारचे देणेच आहे. पंचवीस वर्षे हिशेब लिहिणारे गुरुजी थकले, तर तेच काम पैसे देऊन करून घ्यावे लागेल. तो खर्च अंदाजपत्रकात आज धरलेला आहे का, ते पाहावे.

अहवालातील खुणा

लेखापरीक्षकाचा अहवाल वाचताना आधी तारीख पाहावी. वर्ष संपल्यानंतर दीड-दोन वर्षांनी सही झालेला अहवाल इतिहास म्हणून उपयोगाचा, निर्णयासाठी नाही. त्यानंतर लेखापरीक्षकाने एखादी अट किंवा शेरा नोंदवला आहे का, ते पाहावे. ‘येण्यांची खातरजमा झालेली नाही’ किंवा ‘पावत्या उपलब्ध झाल्या नाहीत’ अशा वाक्यांकडे सभेत कोणाचे लक्ष जात नाही, पण त्यांतच सार असते.

पुढील खुणा दिसल्या तर अधिक विचारणा करावी. हाती मोठी रोख शिल्लक दाखवलेली असणे. त्याच व्यक्तींच्या नावे वर्षानुवर्षे न फिटलेल्या उचली असणे. पदाधिकाऱ्याच्या किंवा त्याच्या नातेवाइकाच्या दुकानातून, दरपत्रके न मागवता खरेदी होणे. पावत्या फाडणे, बँकेत भरणा करणे आणि वही लिहिणे ही तिन्ही कामे एकाच हाती असणे. बँकेच्या पासबुकाशी वहीचा मेळ दरमहा न घातला जाणे. यांपैकी एखादी खूण सापडली म्हणजे अफरातफर झालीच, असे समजू नये. बहुतेक ठिकाणी कारण मनुष्यबळाची टंचाई हे असते. मात्र उपाय दोन्ही बाबतींत एकच : कामे वाटून द्यावीत आणि नोंदी वेळेवर कराव्यात.

व्यवस्थापनावर खर्च जितका कमी तितकी संस्था चांगली, हा समजही तपासून घ्यावा. लेखापरीक्षण, हिशेबनीस, दुरुस्ती आणि विमा यांवर काहीच खर्च न करणारी संस्था काटकसरी दिसते. प्रत्यक्षात ती आजचा खर्च उद्यावर ढकलत असते. विदेशी देणगीच्या बाबतीत मात्र कायद्यानेच मर्यादा घातलेली आहे. 2020 च्या दुरुस्तीनंतर अशा रकमेतून प्रशासकीय खर्च 20 टक्क्यांपलीकडे करता येत नाही.

सभासदाने काय विचारावे?

वार्षिक सभेत खजिनदाराला पुढील प्रश्न विचारले, तर संस्थेची प्रकृती बऱ्याच अंशी कळते.

1. बँकेतील एकूण रकमेपैकी अटीविना वापरता येणारी रक्कम किती, आणि ती किती महिन्यांच्या खर्चाइतकी आहे?
2. प्रत्येक राखीव निधीइतक्या ठेवी प्रत्यक्षात आहेत का? नसल्यास त्याविषयीचा ठराव कोठे आहे?
3. येणे असलेले अनुदान किती महिन्यांपासून येणे आहे?
4. सर्वांत मोठा देणगीदार थांबला, तर काय करावयाचे ठरले आहे?
5. करसवलतीची नोंदणी केव्हा संपते आणि व्यवस्थापक मंडळाची यादी शेवटची केव्हा दाखल झाली?

हे प्रश्न संशयाने विचारू नयेत. बहुतेक खजिनदार विनावेतन काम करतात, आणि अनुदान अडले की पगाराची चिंता रात्री त्यांनाच असते. नमुन्यातील संस्थेच्या खजिनदाराने हे आकडे सभेपुढे उघडपणे मांडले, तर वर्गणी वाढवणे, अनुदानासाठी एकत्र पाठपुरावा करणे, मोडलेली ठेव दोन वर्षांत पुन्हा उभी करणे हे मार्ग अजून मोकळे आहेत. इमारत निधी निम्मा संपल्यावर तीच चर्चा झाली, तर त्यांपैकी फारसे काही उरलेले नसेल. देणगीदारानेही शक्य असेल तेथे देणगीचा काही भाग ‘सर्वसाधारण खर्चासाठी’ असे पावतीवर लिहून द्यावा. नावाची पाटी त्यातून लागत नाही, परंतु वाचनालयाचे दार दुसऱ्या दिवशी उघडते ते त्याच पैशावर.